नसलेल्याचा तुकडा

द्रेनोव्ह दोल
२ जानेवारी २००७

लाडके इस्क्रा,

नव्या वर्षाच्या शुभेच्छा. कालपासून आपला बल्गेरिया युरोपीय संघात गेला म्हणे. टीव्हीवर सोफियातली आतषबाजी दाखवणार होते, पण नेमकी आपल्याकडची वीज गेली. त्यामुळे आम्ही मायलेकी मेणबत्ती लावून युरोपात शिरलो.

नव्या वर्षाची बानित्सा यंदाही आईनंच लाटली, पापुद्रे आणि आतलं चीज सगळं तिच्याच हातचं. गुडघा धरलाय, उठताना कण्हते, पण लाटणं माझ्या हाती देईल तर शपथ. वर्षाचं नशीब सांगणाऱ्या, अंगणातल्या द्र्यानच्या झाडाच्या काड्याही तिनंच छाटल्या आणि मला स्वयंपाकघराबाहेर काढून घड्यांमध्ये घातल्या. पहिला तुकडा घराचा, दुसरा नसलेल्याचा, मग तिचा, शेवटी माझा. नसलेल्याचा तुकडा ती स्वतः कापते. मला सुरीला हात लावू देत नाही. तुझं नाव अजून घेत नाही, पण तो तुकडा देवाच्या तसबिरीखाली ठेवते आणि म्हणते, "सकाळी बघ काय आलंय."

तर बघितलं. सोबत पाठवतेय. दोन फाट्यांची काडी! रस्ता! सलग चौथ्या वर्षी, बाई! नशीब काढलंस. मला जोडकळीची आली, म्हणजे घर. आता मला आणखी काय येणार? चव्वेचाळीस वर्षं ज्या घरातून हलले नाही, तेच पुन्हा ताटात.

आता यंदाची यादी पाठव. नियम तेच. एकटीनं जायचं, कुणाच्या घोळक्यात नाही. आणि परत आल्यावर मला सगळं लिहायचं, काय खाल्लंस इथपासून. वाचनालयातला मोठा नकाशा मी घरी आणून ठेवलाय. दुसरं कोण बघतंय तो या गावात? तू गेलीस तिथे तिथे लाल पेन्सिलीनं खूण करते.

आई आताच विचारून गेली, "टाकलंस का पोस्टात?" काय टाकायचंय ते विचारत नाही. ताठा बघ कसा आहे.

तुझी
बिसेरा


व्होलोस
२१ जानेवारी २००७

प्रिय काको,

रस्ता ग्रीसमध्ये पोचला. पाकिटातून काढताना एक फाटा मोडला, तो कवळ्यांच्या डिंकानं चिकटवला. आता हाडासारखा घट्ट बसलाय. चारही काड्या खिडकीत एका कपात उभ्या केल्यात. माझी घरमालकीण, ख्रिसूला तिचं नाव, म्हणाली, "ही काटकं कशाला जपतेस गं?" मी म्हटलं, आमच्या गावाकडचं कॅलेंडर आहे. तिला पटलं. माझ्या गावाबद्दल तिला काहीही पटतं. 'काको' म्हणजे आमच्याकडे थोरली बहीण, हेही तिला शिकवलंय.

घे यादी. मार्चमध्ये मेटेओरा, कड्यांवरचे मठ. सगळ्या पायऱ्या न थांबता चढायच्या. जूनमध्ये एक बेट, नाव ठरवणार नाही, बंदरावर जी पहिली बोट सुटेल तिच्यात बसायचं. ऑक्टोबरमध्ये समुद्र ओलांडून बारी. बाकी वर्षभर दात घडवायचे. अर्ध्या व्होलोसचं हसू माझ्या हातचं आहे, काको, आणि एकही माणूस मला बघून हसत नाही.

एक विचारू? आई विचारते म्हणालीस, पोस्टात टाकलंस का. म्हणजे तुकड्यात काय आलंय ते तिला ठाऊक असतं? काड्या तीच घालते ना? तुकडा तीच कापते ना?

बाबांच्या कबरीपाशी ती काय बोलली ते तू ऐकलंयस. लग्नाला पंधरा दिवस असताना मी मेतोदीला नाही म्हटलं, आणि सहा आठवड्यांत बाबांचं हृदय बंद पडलं. ती म्हणाली, "तू खाल्लंस त्याला. आता मी बोलावीन तेव्हाच हा उंबरा ओलांडायचा." मी अजून थांबलेय. तीन वर्षं झाली. तिनं एक शब्द पाठवला तरी मी त्याच दिवशी बस धरीन, हे तिला कळतं का?

जाऊ दे. मार्चमध्ये पायऱ्या मोजून लिहीन.

इस्क्रा


द्रेनोव्ह दोल
१ मार्च २००७

इस्क्रा,

सोबत लाल-पांढरा दोरा आहे, मनगटाला बांध. फुलाला आलेलं झाड दिसलं की त्याच्या फांदीला अडकव. तिथल्या लोकांना काय वाटेल म्हणून लाजू नकोस.

तू उगाच डोकं चालवतेस. आईला काय ठाऊक असणार? काडी मी सकाळी काढते तेव्हा ती कोंबड्यांत असते. रस्ता आला म्हणजे रस्ता आला. दुसऱ्या कुणाला आला असता तर पेढे वाटले असते, तू मात्र त्यात काटे शोधतेस. तुला माहीत आहे का, माझी स्वतःची पण एक यादी आहे? हसू नकोस. त्यात एकच ओळ आहे. एकटीनं व्हिदिनला जायचं, डॅन्यूबच्या काठावर बाकावर बसायचं, बोट पलीकडे रुमानियात जाऊन परत येईपर्यंत बघायचं, एक आइसक्रीम खायचं आणि संध्याकाळच्या बसनं घरी. सहा वर्षं हीच ओळ नव्या वर्षाच्या वहीत उतरवतेय. कधी आईचा गुडघा, कधी वाचनालयाची तपासणी, कधी कोंबड्यांवर कोल्हा. चाळीस किलोमीटरसुद्धा नाही गं.

म्हणून म्हणते, तू जा. आणि पायऱ्या मोज.

बिसेरा


बारी
१४ ऑक्टोबर २००७

प्रिय काको,

इटलीतून लिहितेय. बोटीवर रात्रभर एक ट्रकवाला घोरत होता, त्याच्या घोरण्याला चाल होती. सकाळी उतरले, संत निकोलाच्या देवळात मेणबत्त्या लावल्या. जिवंत माणसांसाठीच्या जागी दोन आणि मेलेल्यांसाठीच्या जागी एक. आईसाठीची सगळ्यात शेवटी लावली.

तू विचारशील म्हणून आधीच सांगते, काय खाल्लं. कानांच्या आकाराचा पास्ता, शलगमाच्या पाल्यात. चांगला होता. पण जेवणाबद्दल खरी गोष्ट सांगू? एकटीनं फिरताना डोंगर, पाणी, स्टेशन, सगळं निभतं. टेबल निभत नाही. तू बसतेस, वेटर येतो, विचारतो, "कुणी येणार आहे का?" तू नाही म्हणतेस. मग तो समोरची ताटली उचलतो, ग्लास उचलतो, काटे-चमचे उचलतो. त्या ताटलीवर चमचा खण्‌कन वाजतो. दर वेळी वाजतो. आता मी वेटर येण्याआधीच कान बंद करून घेते.

यंदाची यादी पूर्ण झाली. नकाशावर खूण कर. येत्या वर्षी दुसरं काही आलं तर बरं होईल, एवढंच.

इस्क्रा


द्रेनोव्ह दोल
४ जानेवारी २००९

लाडके इस्क्रा,

नोव्हेंबरात आईला झटका आला. घाबरवायचं नव्हतं म्हणून लिहिलं नाही. उजवा हात गेला, बोलणं जड झालंय. मी तिला न्हाऊ घालते, भरवते, आणि ती माझ्यावर डाफरते, म्हणजे आतून ठीक आहे.

पण ऐक. बानित्सा मी लाटली, आयुष्यात पहिल्यांदा. काड्या मात्र तिनंच घातल्या, डाव्या हातानं, मला पाठ करून उभं राहायला लावलं. आणि तुझा तुकडा डाव्या हातानंच कापला. सुरी तीनदा निसटली. मी पुढे झाले तर असं बघितलं की मी मागे सरले. अर्धा तास लागला एका तुकड्याला. मग थकून झोपली.

आणि रस्ता! गेल्या वर्षीसारखाच. सहावा. "दुसरं काही आलं तर बरं" असं तू चेष्टेत म्हणाली होतीस, पण बघ, तुझं नशीब चेष्टा ऐकत नाही. कुठे जाणार यंदा? मला या खोलीतून बाहेर काढ, बाई. दिवसभर औषधाचा वास. तुझ्या पत्रांवर जगतेय मी.

बिसेरा


व्होलोस
२५ जानेवारी २००९

काको,

ती आजारी पडली आणि मला दोन महिन्यांनी कळतंय.

हात गेला तरी सुरी सोडली नाही, म्हणतेस. अर्धा तास झगडली, म्हणतेस. कशासाठी? ती काडी माझ्याच तुकड्यात जावी म्हणून. जा, चालत राहा, इकडे येऊ नकोस. एवढं सांगायला डाव्या हातानं अर्धा तास! तुला हे दिसत नाही? की दिसतं आणि माझ्यासाठी गोड करून लिहितेस?

यंदा यादी नाही. मला कुठेही जायचं नाहीये. कपात सहा काड्या आहेत, सहाही फाटे माझ्याकडे रोखलेले. तुला हौस आहे ना, मग तूच कर यादी. मी तुझी पोरगी असल्यासारखी जाऊन येईन.

इस्क्रा


द्रेनोव्ह दोल
१० फेब्रुवारी २००९

अगं वेडे,

रागात लिहिलंस, मी रागावले नाही. यादी करायला सांगितलीस आणि माझी आठवडाभर झोप उडाली. आईला भरवताना मनात स्टेशनं मांडत होते. तिसऱ्यांदा खोडून लिहितेय, हसायचं नाही.

लिस्बनला जा. तिथून पुढे बस जाते, युरोपच्या अगदी पश्चिमेच्या टोकावर. तिथे उभी राहा. आपल्या नकाशात ते टोक बरोबर पानाच्या कडेला येतं, पुढे नुसतं निळं.

कुठल्याही गावी रविवारी सकाळी पोच आणि ज्या घरातून भाजल्या मिरच्यांचा वास येईल त्या घरासमोर थोडी थांब.

आगगाडीत खिडकीपाशी बस आणि दिवसभर पुस्तक उघडू नकोस.

आणि शेवटचं, हे मी सगळ्यात जास्त मनापासून लिहितेय. एकदा अशी जा की कुणालाच पत्ता नाही. मलासुद्धा नाही. फोन घरी ठेव. आयुष्यात एक महिना तरी असा असावा, ज्यात कुणी हाक मारली तर आपल्याला ऐकू येणार नाही. मला रोज दिवसातून चाळीस वेळा हाक ऐकू येते. शपथ सांगते, अशा महिन्यासाठी मी उरलेले सगळे दिवस देऊन टाकीन. हे यंदा नाही जमलं तर पुढे कधी कर, पण कर.

बिसेरा


व्होलोस
२९ नोव्हेंबर २००९

प्रिय काको,

तुझं टोक बघून आले. वारा इतका होता की उभं राहायला दगडाला धरावं लागलं. सगळे जण एकमेकांचे फोटो काढत होते. एका म्हाताऱ्यानं खुणेनं विचारलं, तुमचा काढू का? मी नको म्हटलं. फोटो दाखवणार कुणाला? नंतर वाटलं, तुझ्यासाठी काढायला हवा होता.

तिथे मला काय वाटलं सांगते. सहा वर्षं रस्ता, रस्ता. आता इथून पुढे रस्ताच नाही, इस्क्रा, आता काय करशील? परत फिरायचं तर एकच जागा आहे जिथे मला जायचंय, आणि ती माझ्या घरापासून दीड दिवसावर आहे. मी बत्तीस वर्षांची असताना एका बेटावर होते, तेहतिसाव्या वाढदिवसाला एका स्टेशनवर. मला आता बघण्यासारखं काही नको. मला आपल्या अंगणातली फुटकी फरशी बघायचीय.

म्हणून आता तू एक काम कर. काड्या नकोत, पोस्ट नको. तिच्या समोर बस आणि सरळ विचार, इस्क्रा ख्रिसमसला आली तर चालेल का. ती जे बोलेल ते अक्षर न बदलता लिही. हो आलं तर मी येते. नाही आलं तर पुन्हा विचारणार नाही.

तुझी
इस्क्रा


द्रेनोव्ह दोल
१२ डिसेंबर २००९

इस्क्रा,

विचारलं. सकाळी, तिचं डोकं स्वच्छ असताना. तिच्या उशाशी बसले आणि तुझं नाव घेऊन विचारलं. सहा वर्षांत या घरात तुझं नाव पहिल्यांदा मोठ्यानं उच्चारलं गेलं.

तू म्हणालीस अक्षर बदलू नकोस, म्हणून जसंच्या तसं लिहिते. ती म्हणाली, "तिला ठाऊक आहे." मी विचारलं, काय ठाऊक आहे, आई? ती म्हणाली, "दर वर्षी सांगितलंय. तिला ठाऊक आहे." आणि तोंड भिंतीकडे केलं. डोळ्यांत पाणी होतं की काय, कळलं नाही. उजव्या बाजूचा डोळा हल्ली नेहमीच पाझरतो.

मला काही अर्थ लागला नाही. तू थोडी कळ काढ. मी पुन्हा विचारीन.

बिसेरा


व्होलोस
२० जानेवारी २०१०

काको,

सातवी काडी मिळाली. तुला अर्थ लागला नाही, मला लागला. दर वर्षी सांगितलंय. खरंच सांगितलंय, सात वेळा, दोन फाट्यांत. मीच मूर्ख, विचारायला गेले.

आता पुन्हा विचारू नकोस. फोनचा नंबर बदलतेय. तिचं दुखलं-खुपलं मला कळवू नकोस. राग नाही, पण दर पाकिटाला माझं काळीज तोंडात येतं आणि आत काटकी निघते. मला आता हे झेपत नाही.

सांभाळ स्वतःला. व्हिदिनला जाऊन ये.

इस्क्रा


द्रेनोव्ह दोल
१ जानेवारी २०११

इस्क्रा, माझ्या लेकरा,

हे पत्र वाचशील त्या दिवशी बस धर. खाली मी जे लिहिणार आहे ते बसमध्ये वाच.

काल बानित्सा मीच केली. आईला आता डावा हातही उचलवत नाही. तिनं मला जवळ बोलावलं आणि म्हणाली, "काड्या तू घाल. जोडकळीची तिच्या तुकड्यात घाल. नेहमीसारखी." मी विचारलं, "नेहमीसारखी म्हणजे?" तर तिनं मला वेड्यात काढल्यासारखं बघितलं. म्हणाली, "दर वर्षी तिला घर पाठवते मी. बोलावते. तोंडानं कसं बोलावू, मीच हाकललं तिला. पण काडी गेली ना? तू टाकलीस ना पोस्टात? तरी येत नाही. बापाच्या वळणावर गेली, दगड आहे."

इस्क्रा, तुला रस्ता कधीच आला नव्हता. एकदाही नाही. सातही वर्षं तुझ्या तुकड्यात घर होतं.

मी बदलत होते. पहिल्या वर्षी तू जाऊन तीनच महिने झाले होते. मी तुकडा फोडला, त्यात जोडकळी निघाली. मला वाटलं, घरातून काढलेल्या पोरीला घर पाठवायचं म्हणजे जखमेवर मीठ. म्हणून अंगणातून दोन फाट्यांची काडी तोडली आणि ती पाकिटात घातली. मला स्वतःला आयुष्यात जी एक गोष्ट हवी होती ती तुला दिली. मी ते प्रेमानं केलं, हे खरं आहे. पण पूर्ण खरं लिहायचं तर पुढेही लिहायला हवं. दुसऱ्या वर्षी पुन्हा घर निघालं, तिसऱ्या वर्षी पुन्हा. मी थांबून विचार करायला हवा होता ना, दर वर्षी तेच कसं येतं? नाही केला. कारण तुझी पत्रं येत होती. मेटेओराच्या पायऱ्या, बारीतला पास्ता. तू घरी आली असतीस तर मला बारी कुणी दाखवली असती? तुझ्या पायांनी मी फिरत होते. जोडकळी मी माझ्या नावावर लिहून ठेवली आणि झोपी गेले.

आईला मी हे सांगितलं नाही. तिला म्हटलं, यंदा ती येतेय, आई. काडी मिळाली की निघेल. ती हसली. तेव्हापासून खिडकीकडे तोंड करून झोपवायला सांगते.

खरी काडी सोबत आहे. तुझा जुना नंबर लागत नाही. डॉक्टर म्हणतात, फार दिवस नाहीत. ये गं. मला मार, काय हवं ते कर, पण ये.

बिसेरा


व्होलोस
५ फेब्रुवारी २०११

बिसेरा,

तुझं पत्र ११ जानेवारीला आलं, असं घरमालकीण सांगते. मी आठ तारखेला निघाले होते. २ फेब्रुवारीला परतले.

कुठे गेले होते ते ख्रिसूलाला माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं. फोन टेबलाच्या खणात होता. तुझ्या यादीतली शेवटची ओळ, जी तू सगळ्यात मनापासून लिहिली होतीस. ती तेवढी राहिली होती. मला वाटलं, काकोचं एक तरी मन राखावं, तिला पुढे कधीतरी लिहीन, झालं गं तुझं.

घरमालकीण म्हणते, तू तिच्या घरच्या फोनवर चार वेळा फोन केलास. शब्दकोशातून एकेक ग्रीक शब्द वाचत होतीस. "आई." "मरते." "बहीण." "कुठे." ती म्हणते, बाई रडत होती आणि मी तिला परत परत तेच सांगत होते, माहीत नाही, माहीत नाही.

दारात एकाच दिवशी दोन पाकिटं मिळाली मला. एकात घर. दुसऱ्यात तिच्या निधनाचा कागद. तिचा फोटो, तारीख १९ जानेवारी, आणि खाली "शोकाकुल मुली बिसेरा आणि इस्क्रा". माझं नाव छापलंस. तो कागद आपल्या फाटकावर चिकटवला असशील, बसथांब्यावर, वाचनालयाच्या दारावर. सगळ्या गावानं वाचलं असेल आणि म्हटलं असेल, धाकटी आलीसुद्धा नाही.

ती खिडकीकडे तोंड करून होती का, शेवटी? मला हे सांगू नकोस.

मी कुठे होते ते तुला कधीच सांगणार नाही. नकाशावर तेवढी एक खूण राहू दे कोरी.

माझी सात घरं तुझ्याकडे आहेत.

इस्क्रा


व्होलोस
२४ जानेवारी २०१२

इस्क्रा,

तू मला काको म्हणायचीस. बोलायला लागलीस तेव्हापासून कधी नावानं हाक मारली नव्हतीस. गेल्या वर्षी पत्राच्या माथ्यावर नुसतं "बिसेरा" वाचलं आणि कळलं की थोरली बहीणही त्या घरातून गेली. त्यानंतर मी तुला अकरा पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही, आणि ते बरोबरच आहे.

या नव्या वर्षाला मी एकटीनं बानित्सा केली. पहिला तुकडा घराचा, दुसरा नसलेल्याचा. तुझ्यात जोडकळी मीच घातली, आईसारखी, ठरवून. बाकीच्या काड्या डोळे मिटून. माझ्या तुकड्यात दोन फाटे निघाले. एकोणपन्नास वर्षांत पहिल्यांदा. मी स्वयंपाकघरात खाली बसले आणि ती काडी हातात धरून इतकी रडले की शेजारची पेंका धावत आली. तिला वाटलं, आणखी कोण गेलं.

मग वही उघडली. व्हिदिनची ओळ खोडली आणि खाली लिहिलं: यंदा एकटीनं एका जागी जायचं. व्होलोस.

तर आले. सोफियाला बस बदलली, सीमेवर कुणी पासपोर्टाकडे नीट बघितलंही नाही. वाटेत पुस्तक उघडलं नाही. खिडकीतून सगळं बघितलं आणि काहीच आठवत नाही. पर्समध्ये तुझ्या सात काड्या रुमालात गुंडाळून आणि यंदाची आठवी. रस्ता विचारत तुझ्या गल्लीत पोचले. घंटीवर तुझं नाव नव्हतं.

ख्रिसूलानं मला बघताच ओळखलं, आवाजावरून नाही, नाकावरून म्हणाली. तिनं आत बसवलं, कॉफी दिली. खुणांनी सांगितलं, तू ऑगस्टमध्ये गेलीस. सामान थोडं होतं, पत्ता ठेवला नाहीस. ती हात हलवत तेच परत परत सांगत होती, माहीत नाही, माहीत नाही. एवढं ग्रीक मला आता येतं. मग तिनं खिडकीतला कप आणून माझ्या पुढ्यात ठेवला. सात रस्ते त्यात होते. एकाचा फाटा डिंकानं चिकटवलेला. सगळं नेलंस आणि तेवढं ठेवून गेलीस.

कप मी घेतलाय. घरं मात्र तिच्यापाशी ठेवली नाहीत. ती तुझ्याच हातात द्यायची आहेत, म्हणून पर्समध्येच आहेत. हे पत्र तिच्याकडे ठेवतेय. तू कधी काही विसरलेलं न्यायला आलीस तर ती देईल. मला एवढीच आशा आहे आणि ती किती आहे ते मलाही कळतं.

आता बंदराजवळच्या एका खाणावळीत बसून लिहितेय. तू लिहिलेलं सगळं खरं होतं. समुद्र निभतो, बस निभते. वेटर आला, त्यानं समोरच्या ताटलीला हात घातला आणि काहीतरी विचारलं. शब्द कळले नाहीत, पण काय विचारतोय ते मला बारीच्या पत्रापासून पाठ आहे. कुणी येणार आहे का?

मी हो म्हटलं. तासभर झाला. ताटली अजून समोर आहे.

तुझी
काको